वाड्यावरची चौथी

सासू गेली आणि हरणाबाईच्या घराला पहिल्यांदाच कुलूप लावायची वेळ आली. घरात कुलूपच नव्हतं. धुळानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, ते म्हसवडच्या बाजारातनं आणलं आणि दोघं बराच वेळ ते उघडझाप करून बघत बसले.

लातूरकडं भूकंप झाला त्याच्या पुढच्या सालची ही गोष्ट. माणदेशातली धनगरांची वाडी. दिवाळी झाली की तिथली बिऱ्हाडं मेंढरं घेऊन पाण्याच्या मुलखाकडं निघायची. विट्यावरनं पलूस, तिथनं कृष्णेच्या काठाकाठानं कराडच्या अंगाला, आणि मिरगाच्या बेताला माघारी. हरणाबाई लग्न होऊन आल्यापासून एकही साल चुकली नव्हती. मागं घर राखायला सासू असायची, आणि थोरली लेक हौसा शाळेत जायला लागल्यापासून ती आजीच्या सोबतीला राहायची. आजी भाकरी करायची, नात शाळेत जायची, दोघींचं छान जमलं होतं. पण त्या भादव्यात म्हातारीला ताप आला आणि ती त्यातच गेली. हौसा तेव्हा चौथीत होती. धाकटा पप्पू नुकता पाऊल टाकायला लागला होता.

निघायच्या आधी हरणाबाई दारात वाघर पसरून बसली होती. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळं. त्याच्या तुटलेल्या गाठी ती सांधत होती, तेवढ्यात शाळेच्या अनसूयाबाई आल्या. बाई मूळच्या वाईच्या. एकट्या राहायच्या आणि एकट्याच सगळी शाळा चालवायच्या.

"हरणाबाई, हौसाचं काय ठरलं?"

"ठरायचं काय त्यात बाई? संगट न्यायची. हितं कुनाच्या जिवावर ठिवू?"

"आणि शाळा?"

हरणाबाईला हसू आलं. "साळा काय घोड्यावर लादून नेऊ व्हय?"

"तेच सांगायला आलेय," बाई म्हणाल्या आणि खुशाल वाघरीच्या कडेला मातीत बसल्या.

बाईंनी सगळा विचार आधीच करून ठेवला होता. पाचवीपासून तालुक्याला आश्रमशाळा होती. राहायची, जेवायची सोय होती. हौसा तिथं गेली की तिला मेंढरांमागं फिरावं लागणार नव्हतं. पण त्यासाठी चौथी पास व्हायला हवी. बाई तालुक्याच्या साहेबांशी बोलून आल्या होत्या. साहेब म्हणाले होते, पोरीनं वाटेवर अभ्यास केला तर नाव कमी करणार नाही. मात्र एप्रिलात मी स्वतः तिची तोंडी परीक्षा घेईन. आलं तर पाचवी, नाही आलं तर विषय संपला.

"आन वाटंवर तिला शिकवायचं कुनी?" धुळा ओसरीवरनं म्हणाला.

"मी. तुम्ही दरवर्षी कुणाकुणाच्या शेतात मेंढरं बसवता, तेवढं सांगा."

रात्रभर मेंढरं शेतात बसली की रान खतावतं. शेतकरी त्याच्या बदल्यात धान्य देतो. धुळाची शेतं वाडवडलांपासून ठरलेली. तो एकेक नाव सांगत गेला, बाई पत्ते लिहून घेत गेल्या. तुम्ही पोचायच्या आत माझं पाकीट तिथं पोचलेलं असेल, बाई म्हणाल्या. हौसानं केलेला अभ्यास शेतकऱ्यानं टपालात टाकायचा, तपासून पुढच्या शेतावर येईल.

"एक अट मात्र आहे, आणि ती हरणाबाई तुम्हाला आहे. रोज संध्याकाळी हौसा धडा म्हणेल तेव्हा तुम्ही तिच्यासमोर बसायचं."

"मी? आवं मी अंगठेबहाद्दर. मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायला नको. नुसतं बसायचं. रिकाम्या जागेला कुणी पाढे म्हणून दाखवत नाही."

बाई गेल्यावर धुळाची आत्या भामाबाई घरातनं बाहेर आली. नवरा गेल्यापासून ती भाच्याच्याच बिऱ्हाडात असे. दात एक नव्हता, पण शब्द एकही वाया जात नसे.

"म्हंजी आता कोकरं कोन राखनार, भाकऱ्या कोन थापनार?" ती म्हणाली. "समदी साळंतच बसल्यावर मेंढरंबी बसवा की पटावर."

* * *

बिऱ्हाड निघालं. घोड्यावर सामान लादायची एक रीत असते. लवकर लागणारं वर, उशिरा लागणारं खाली, आणि सगळ्यांत वर देवाची टोपली. तिच्यात बिरोबाचा टाक आणि भंडाऱ्याची पिशवी. हौसाची पिशवी पहिल्या दिवशी भांड्यांखाली गेली आणि संध्याकाळी पाटी काढायला सगळं ओझं सोडावं लागलं. दुसऱ्या दिवशी हरणाबाईनं ती सरळ देवाच्या टोपलीला बांधली.

"देवापाशी कागदं?" भामाबाई म्हणाली.

"सरस्वती बी देवच हाय न्हवं, आत्याबाई? बसतील दोगं शेजारी."

धनगराचा वाडा म्हणजे काही घर नव्हे. वाघरीच्या आत मेंढरं, बाहेर तीन दगडांची चूल, डालग्याखाली कोकरं आणि वर आभाळ. त्या वाड्यावर चौथीचा वर्ग भरायला लागला. मेंढरं कोंडून झाली की हौसा पाटी घेऊन बसायची आणि समोर हरणाबाई. बसायचं म्हणजे काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती हातात चाती घेऊन लोकर कातत बसली.

"वर्गात काम करायचं न्हाई," हौसा म्हणाली.

"आगं, हातच तर चालतोय. कान रिकामंच हायत."

"बाई न्हाई चालवून घेत."

हरणाबाईनं चाती खाली ठेवली. मग हौसानं हजेरी घेतली. पटावर एकच नाव. हौसा ते ठसक्यात पुकारायची आणि हरणाबाईनं "हजर" म्हणायचं. पहिल्या दिवशी तिला ते म्हणताना एवढी लाज वाटली, की पदर तोंडाला लावून कसंबसं म्हणाली. महिन्याभरात ती चुलीपासनंच ओरडून "हजर" म्हणायला लागली.

घरच्यांना सगळंच आपापल्या जागी थोडं थोडं सरकवून घ्यावं लागलं. भाकऱ्या उशिरा व्हायला लागल्या. कोकरं पाजायचं काम धुळाकडं आलं. तो दिवसभर मेंढरांमागं चालून आलेला, वर हे काम. पण त्याची तक्रार चेष्टेतच असायची.

"हौसे, आज कालवनात मीठ न्हाई. काय शिकवलंस आज तुझ्या आयला?"

"आज नद्या हुत्या."

"मग पानीच पानी झालं म्हन की."

हरणाबाईला धडे कळत नसत, पण पाठ व्हायला लागले. पाणी आणायला जाताना तिच्या तोंडात पाढे यायचे. आकड्यांची गंमत वाटायची तिला. माणसांसारखे रांगेत उभे असतात, कोण कुणाच्या मागं ते ठरलेलं. फक्त नवाचा आकडा आला की तिची गाडी अडायची. एकोणतीसनंतर पुढं कुणाचा नंबर, ते काही केल्या आठवायचं नाही.

आणि खरोखर, प्रत्येक शेतावर शाळा त्यांच्या आधी येऊन बसलेली असायची. विट्याच्या पुढं एका म्हातारीनं पाकीट तांदळाच्या डब्यात जपून ठेवलं होतं. दुसऱ्या एकानं ते देव्हाऱ्यात ठेवलं होतं, त्याला कुंकू लागलं होतं. पोरगी आपलं पत्र मागायला बांधावरनं पळत सुटायची. त्या पळण्याकडं बघताना हरणाबाईला वाटायचं, ही सुटली पाहिजे यातनं. आपल्याला मेंढरांचं ओझं कधी झालं नाही. पण हिचे पाय दुसऱ्या वाटेचे आहेत.

* * *

पलूसजवळ भाऊसोच्या शेतात वाडा पडला. भाऊसो मोठा बागाईतदार, मनानं मोकळा. लांबनंच ओरडला, "या या! तुमच्या आदी तुमची साळा आलीया. बायकू म्हनती, पाकीट जड हाय, परीक्षेचा निकाल हाय का काय!"

त्या पाकिटात गणितं होती. बाईंनी हौशीनं, पोरीच्या जगण्यातली म्हणून, मुद्दाम तयार केलेली. पहिलंच गणित असं होतं: तुमच्या वाड्यावर मोठी मेंढरं किती आणि कोकरं किती ते मोज. दोन्ही मिळून किती होतात ते लिही.

हौसाला ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धुळानं वाघर सोडली, मेंढरं बाहेर पडायला लागली, तशी ती तोंडाशी उभी राहून बोट दाखवत मोठ्यानं मोजायला लागली. "एक, दोन, तीन, चार..."

भामाबाई चुलीपुढनं उठली ती हातातलं फुंकणं घेऊनच. "गप! गप ए पोरी! तोंड मिट!"

पोरगी दचकून थांबली.

धनगर मेंढरू मोजत नाही. निदान या बिऱ्हाडात तरी कुणी मोजलं नव्हतं. त्यांना गरजच पडायची नाही. मेंढरं आत शिरताना धुळा एक नजर टाकायचा, आणि कपाळावर पांढरा ठिपका असलेली आली नाही, कानकापी मागं राहिली, हे त्याला चेहऱ्यांवरनं कळायचं. मोजायचं ते बिरोबानं. माणसानं मोजलं तर दृष्ट लागते. आणि भामाबाईला हे कुणी सांगितलेलं नव्हतं, तिनं ते भोगलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात चाऱ्यासाठी सरकारी माणसं तिच्या सासरच्या वाड्यावर आली, मेंढरांच्या पाठीवर गेरूनं आकडे घालून गेली. पावसाळ्याच्या आत तो वाडा रिकामा झाला. त्याच साली तिचा नवराही गेला. लोक म्हणाले दुष्काळ. भामाबाईच्या डोळ्यांपुढं मात्र आजही ते गेरूचे आकडे होते.

"लेकरू हाय आत्याबाई," हरणाबाई म्हणाली. "तिला काय ठावं?"

"देवाला ठावं हाय न्हवं."

हरणाबाईनं टोपलीतला भंडारा काढला, मेंढरांवर उधळला, हौसाच्या कपाळाला लावला. झालं, मिटलं, असं तिला वाटलं.

दोन दिवसांनी धुळा शेजारच्या एका कापलेल्या रानात मेंढरं घेऊन शिरला. तिथं जोंधळ्याच्या बुडख्यांना कोवळे फुटवे आले होते. असल्या फुटव्यात किराळ धरते, म्हणजे विष उतरतं. दिसायला हिरवंगार, पण पोटात गेलं की मेंढरू जागेवर कलंडतं. हे धुळाला लहानपणापासनं माहीत होतं. पण बांधावर कुणीतरी बोलत उभं राहिलं, त्याची नजर हलली, आणि पुढची चार मेंढरं तोंड घालून मोकळी झाली. चारही तिथंच मेली. त्यात ती कपाळावर ठिपका असलेली होती.

धुळा वाड्यावर आला तो खाली मान घालूनच. भामाबाईनं नुसतं हौसाकडं बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी हरणाबाई हात धुऊन समोर येऊन बसली. हौसा कोकरांच्या डालग्यामागं गुडघ्यात डोकं घालून बसली होती.

"घे की हजेरी."

"न्हाई."

"आगं, किराळ लागली. तुझ्या बाचं ध्यान न्हवतं. तुझा काय दोस त्यात?"

"म्या चार म्हनलं आन आजी वरडली," हौसा म्हणाली. "म्या चारवरच थांबले हुते आयं."

पोरीनं सगळा हिशेब आपल्या मनाशी असा जुळवून ठेवला होता. त्या दिवशी हजेरी झालीच नाही. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही दिवशी तेच. हौसा धडे वाचायची, कविता म्हणायची, पण आकड्याला तोंड उघडेना. पाढ्यांची पाटी समोर धरली तर डोळे मिटून घ्यायची. धुळानं पिशवी देवाच्या टोपलीवरनं सोडली आणि भांड्यांच्या खाली सारली.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "भ्यालीया ती. कशाला जीव घ्यायचा लेकराचा?"

"आन एपरीलात सायेब इचारंल तवा?"

"तवा काय? आपली पोर आपल्यापाशी ऱ्हाईल. आपन न्हाई का जगलो?"

हरणाबाईला आठवत होतं ते बांधावरनं पाकिटासाठी पळत जाणारं लेकरू.

* * *

पलूस सोडायच्या दिवशी भाऊसोनं धान्य मोजून दिलं. ओसरीवर पोतं तोंड उघडून धरायचं काम हरणाबाईकडं होतं. भाऊसोनं पहिलं माप भरलं, पोत्यात ओतलं आणि म्हणाला, "लाभ." मग दुसरं, "दोन." मग, "तीन."

दरवर्षी तो असंच मोजायचा. तोच काय, खळ्यावर सगळेच शेतकरी पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. हरणाबाईनं ते जन्मभर ऐकलं होतं आणि कधी मनावर घेतलं नव्हतं. त्या दिवशी मात्र तिनं पोत्याचं तोंड मिटून धरलं.

"भाऊसो, जरा थांबा. पयल्या मापाला एक का म्हनत न्हाई तुमी?"

"आता हे काय काढलंसा वयनी? आजा म्हनायचा, बा म्हनायचा, म्हनून मी म्हनतो." मग माप गुडघ्यावर टेकवून तो जरा विचारात पडला. "पयलं माप देवाच्या नावाचं. ते मोजायचं न्हाई. त्येला दिलं, मग फुडचं मोजाया आपल्याला मोकळीक."

"आन मोजल्यावर धान्याला काय हुतं का? सरतंय?"

"खाल्लं म्हंजी सरतंय की!" भाऊसो हसला. पण हरणाबाई हसली नाही हे बघून तो पुढचं माप भरायला लागला.

वाटभर हरणाबाईच्या डोक्यात तो लाभच घोळत होता. पुढच्या मुक्कामावर वाघर लावून झाली तेव्हा ती भामाबाईपाशी जाऊन बसली.

"आत्याबाई, धान्य लक्षुमी हाय न्हवं?"

"हाय की."

"मग शेतकरी ती मोजतो, त्येला काय हुत न्हाई. का, तर पयला आकडा त्यो देवाला देतो. लाभ म्हनतो. आपनबी तसं म्हनलं तर?"

"धान्याला डोळं नसत्यात, हरणे," भामाबाई हळू आवाजात म्हणाली. "मेंढराला असत्यात. माझ्या वाड्यावरची मला बघत बघत गेल्यात."

हरणाबाई उठली, टोपलीपाशी गेली आणि हात जोडून उभी राहिली. देवाशी ती फार बोलायची नाही. त्या दिवशी एवढंच म्हणाली, की बिरोबा, लागायचं ते मला लागू दे. लेकराला मोकळं कर.

सकाळी धुळा वाघर सोडायला गेला तेव्हा ती तोंडाशी उभी होती.

"आज मी मोजनार हाय."

"हरणे, खुळी झालीस का? आत्ती बघतीया."

"बघू दे. देवबी बघतोय. तुमी वाघर सोडा."

धुळानं तिच्याकडं बघितलं, मग आत्याकडं. भामाबाई चुलीपुढं पाठ करून बसली होती, पण उठली नव्हती. धुळानं वाघर सोडली. मात्र रोजच्यासारखी रुंद सोडली नाही. एका वेळी एकच मेंढरू निघेल एवढीच फट ठेवली.

पहिली मेंढी बाहेर आली. हरणाबाईनं चिमूटभर भंडारा तिच्या पाठीवर टाकला. "लाभ."

मग दोन, तीन. आवाज आधी बारीक होता, मग सुटत गेला. दहा झाले, वीस झाले. हौसा डालग्यामागनं मान वर करून बघायला लागली होती, पण हरणाबाईचं तिकडं लक्ष नव्हतं. तिचं लक्ष मेंढरांकडं होतं आणि जीव मुठीत होता.

"अठ्ठावीस... एकोनतीस..."

पुढचं मेंढरू आलं आणि आकडा येईना.

"एकोनतीस," ती परत म्हणाली. आणखी एक आलं. "एकोनतीस..." मेंढरं काही कुणासाठी थांबत नाहीत, ती चाललीच होती.

"तीस गं आयं!" डालग्यामागनं आवाज आला. "तीस! आन ही एकतीस! बाबा, धरा की वाघर, आयचं चुकतंय!"

हौसा उठून पळत आली आणि आईच्या शेजारी उभी राहिली. धुळानं वाघर आवळून धरली. पुढं दोघी मोजत गेल्या. एकोणचाळीसला हरणाबाई परत अडली, एकोणपन्नासला तिनं पन्नास सोडून एकदम साठावर उडी घेतली आणि हौसा पोट धरून हसली. शेवटचं लंगडं मेंढरू बाहेर पडलं तेव्हा भामाबाई चुलीपुढनंच म्हणाली, "झालं का समाधान? आता भाकऱ्या बडवा कुनीतरी."

डालग्याखालची कोकरंही मोजून झाल्यावर शेवटचा आकडा किती झाला, ते हरणाबाईनं कुणाला सांगितलं नाही. हौसानं बाईंच्या गणिताखाली तेवढा लिहिला. पिशवी परत देवाच्या टोपलीवर आली.

त्यानंतर सगळं गोडच झालं असं नाही. आठवड्याभरात कोल्ह्यानं एक कोकरू नेलं. सकाळी ते कळलं तेव्हा सगळ्यांनी आधी हरणाबाईकडं बघितलं आणि हौसाचा चेहरा पांढरा पडला.

"कोल्हा दरसाली नेतो," हरणाबाई म्हणाली. "बघतीस काय हौसे? नेलं त्ये वजा कर. किती ऱ्हायली, सांग मला."

हौसानं ओठ चावले आणि मग सांगितलं.

* * *

एप्रिलात वाडा कराडच्या पुढं होता. माणसं कमी, मेंढरांना ऊन सोसेना, आणि अशात हरणाबाईला लेकीला घेऊन एसटीनं गावी जायचं होतं. पप्पूला कोण बघणार, हे कुणी बोलायच्या आत भामाबाईनं त्याला कडेवर घेतलं. हौसाच्या कपाळाला भंडारा लावून ती म्हणाली, "सायबापुढं नाक वडू नकोस. आन तुझ्या आयला गप बसाया सांग, लय बोलती."

शाळेत साहेब आधीच येऊन बसले होते. हरणाबाईला आत येऊ देईनात, म्हणून ती उंबऱ्याबाहेर चपलांपाशी बसली. वाचन झालं. कविता झाली. नकाशात हौसानं कृष्णा दाखवली, आणि बोट असं फिरवलं, की साहेबांनी विचारलं, "तू गेली होतीस का तिथं?" "काठाकाठानं गेलोय आमी," ती म्हणाली. अनसूयाबाई भिंतीशी उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

मग साहेबांनी टेबलावर ओंजळभर चिंचोके ओतले. "मोज बरं. मोठ्यानं."

हौसानं पहिला चिंचोका सरकवला. "लाभ. दोन, तीन..."

"थांब. पहिल्यापासून."

"लाभ. दोन..."

"लाभ म्हणजे? एक कुठं गेला?"

हौसाचं बोट चिंचोक्यावर तसंच राहिलं. पोरीला एक येत नव्हता असं नाही. पण पलूसला एकापासून मोजलं होतं तेव्हा काय झालं, ते ती विसरली नव्हती. तिनं परत एकदा तोंड उघडलं आणि मिटलं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बाई, चौथीच्या मुलीला एकापासून मोजता येत नसेल तर मी काय लिहू?"

"साहेब, ती घाबरलीय, मी सांगते..." बाई पुढं झाल्या, पण साहेबांनी हात वर केला.

तेव्हा हरणाबाई उठली. उंबऱ्यातच उभी राहिली, पदर सावरला.

"सायेब, एक तिला येतोय. पर त्यो आमी देवाला दिलाय. उरल्यालं समदं तिचं हाय, ते इचारा."

साहेबांनी हरणाबाईकडं बघितलं, तिच्या हातातल्या पिशवीकडं बघितलं. देवाच्या टोपलीवर राहून राहून ती पिशवी हळदीनं पिवळी झाली होती.

"बरं," ते म्हणाले. "मोज तुझ्या पद्धतीनं."

हौसा मोजत गेली. लाभापासून शेवटच्या चिंचोक्यापर्यंत कुठं अडली नाही. एकोणतीसनंतर तिनं नकळत दाराकडं बघितलं आणि तीस जरा मोठ्यानं म्हणाली.

"आता सांग. यातला देवाचा मी बाजूला ठेवला. माझ्याकडं किती उरले?"

तिनं क्षणात सांगितलं.

"कसं काढलंस?"

"एक वजा केला, सायेब."

"म्हणजे एक ठाऊक आहे तुला."

"हाय की," हौसा म्हणाली.

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि सही केली. मग म्हणाले, "पाचवीत गेल्यावर वहीत मात्र एकच लिहायचा. तोंडानं काय म्हणायचं, ते तुझं तू बघ."

अनसूयाबाईंनी तोंड भिंतीकडं फिरवलं होतं. हरणाबाईला वाटलं बाई हसतायत, पण त्या पदरानं डोळे टिपत होत्या.

* * *

पुढच्या दिवाळीनंतर घराला परत कुलूप लागलं. आता ते लावायची सवय झाली होती. हौसा आश्रमशाळेत होती. वाटेवर संध्याकाळी मेंढरं कोंडून झाली की हरणाबाई हात धुऊन सवयीनं बसायची, आणि बसल्यावर तिच्या ध्यानात यायचं की समोर कुणी नाही. मग ती उगाच चाती हातात घ्यायची.

पलूसला भाऊसो बांधावर उभाच होता. "वयनी, साळा आलीया!"

"आता कुनाची साळा? हौसा तर न्हाई."

"हौसानंच धाडलीया. तुमच्यासाठी."

पाकिटात एक कागद होता. वर मोठ्या अक्षरांत नुसते आकडे काढले होते, एकोणतीस आणि तीस, एकोणचाळीस आणि चाळीस, असे जोडीजोडीनं. खालचा मजकूर भाऊसोनं वाचून दाखवला. आयं, हे रोज म्हणायचं. चुकलीस तरी म्हणायचं. आणि आजीला समोर बसवायचं.

भामाबाई ऐकत होती. "मला? मला कशाला? मला काय कळतंय त्यातलं?"

"कळाया नको, आत्याबाई," हरणाबाई म्हणाली. "नुसतं बसायचं."

संध्याकाळी वाघर लागली, चूल पेटली. हरणाबाई कागद गुडघ्यावर घेऊन बसली. भामाबाई कुरकुरत आली, घोंगडं टाकून समोर टेकली, आणि तंबाखूची चिमूट गालात सारून म्हणाली, "घे हजेरी मग. बसलीया मी."